चवीपुरता गूळ

कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून बत्तीस वर्षं काढली असं मी कुठे सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे कणवेनं बघतो आणि मग हातातली ताटली हळूच मागे नेतो. लग्नात मी पंगतीला बसले की माझ्या दोन्ही बाजूंची माणसं जिलबी परत पाठवतात आणि मी हात धुवायला उठले की परत मागवतात. ज्या गावात पाहुण्याचा हात धरून त्याच्या ताटात वाढतात, त्या गावात 'आता पुरे' एवढं सांगण्याचा मी पगार घेत होते. आमच्या दवाखान्यात मधुमेहाच्या ओपीडीच्या अगदी टोकाला माझं टेबल होतं. पेशंट मला 'साखरवाल्या म्याडम' म्हणायचे. एकदा एक आजी त्या नावावर विश्वास ठेवून रेशनची पिशवी घेऊनच आल्या होत्या. त्यांना समजावून सांगण्यात माझी अर्धी सकाळ गेली.

आमचं काम बाहेरून फार विद्वत्तेचं वाटतं. खरं तर ते पाच मिनिटांत सांगून होतं. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, पालेभाजी. पाव भाग उसळ, डाळ, अंडं, मासा किंवा मटणाचे दोन तुकडे. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात, दोन्ही नव्हे. जेवणाच्या वेळा सांभाळायच्या, जेवून थोडं चालायचं. साखर, गूळ, मध, काकवी ही सख्खी भावंडं आहेत आणि रक्तात गेल्यावर कोण थोरलं कोण धाकटं हे कोणी विचारत नाही. झालं, संपली माझी विद्या.

बाकीची बत्तीस वर्षं गेली ती माणूस नक्की काय खातो हे शोधून काढण्यात. आम्ही पेशंटला काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचं खाणं आठवायला सांगतो. माणसं खोटं बोलत नाहीत, पण कशाला खाणं म्हणायचं याबद्दल त्यांची मतं ठाम असतात. उभ्यानं खाल्लेलं ते धरत नाहीत. प्रसाद धरत नाहीत. दुसऱ्याच्या घरी आग्रहानं खाल्लेलं तर वाढणाऱ्याच्याच खाती जातं. हुपरीचे एक चांदीचे कारागीर माझ्याकडे यायचे. पैंजण तोलायच्या काट्यावर ते भाकरी ग्रॅमपर्यंत मोजून खायचे आणि चांदीची चूक होत नाही तिथे भाकरीची काय होणार, असं मला ऐकवायचे. साखर मात्र उतरेना. चार महिन्यांनी कळलं की रोज वाटीभर बासुंदी चालू होती. ती वजनात का धरली नाही विचारलं, तर म्हणाले, काट्याच्या ताटलीत ती राहत नाही.

असले चोर पकडण्यात माझा हात कोणी धरत नसे. माझे यजमान म्हणायचे की मी चुकून दवाखान्यात गेले, जायला हवं होतं पोलिसात. मला त्याचा अभिमान होता. अण्णांची गोष्ट सांगायची ती त्यासाठीच, कारण तिथे मी माझ्या सगळ्या हुशारीसकट तोंडावर आपटले.

अण्णा गुळवे होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवून गूळ करायचा, त्यात रस कधी निवळला, पाक कधी आला, काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरवायची हे ठरवणारा मुख्य कारागीर म्हणजे गुळव्या. काहिलीत एकदा चढवलेल्या रसाला आदण म्हणतात. गुळव्याचा अंदाज दोन मिनिटांनी चुकला तर आख्खं आदण एक तर करपतं, नाही तर बसतच नाही. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याकडच्या एका गावात अण्णांनी चाळीस हंगाम काढले होते. पांढरीशुभ्र मिशी, फेटा, आवाज असा की ओपीडीत माझ्याशी बोलायला लागले की बाहेरच्या रांगेतल्यांनाही फुकट सल्ला मिळायचा. पहिल्यांदा आले तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितला.

बरोबर सून होती, सुनीता. मुलाची कारखान्यात पाळी असायची, म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या तिच्याकडे. शांत, नीटस मुलगी. मी सांगितल्याप्रमाणे तिनं वही केली आणि अण्णांचं रोजचं खाणं सुरेख अक्षरात लिहायला लागली. सकाळी बिनसाखरेचा चहा, दीड भाकरी, मेथी, मटकीची उसळ, ताक. त्या वहीत नाव ठेवायला जागा नव्हती. पावसाळ्यात अण्णांची साखर झरझर उतरली. मी तो आलेख शिकाऊ मुलींना दाखवला आणि नीट समजावून सांगितलं तर खेड्यातला माणूसही कसा पथ्य पाळतो यावर छोटं भाषण दिलं. दिवाळीनंतर साखर पुन्हा आभाळाला गेली.

फराळ, असं मी निदान केलं. अण्णा म्हणाले, एक करंजी सुद्धा तोंडात घातली न्हाय. सगळेच असं म्हणतात. मी सुनीताला बाजूला घेऊन घरावर पहारा बसवायला सांगितलं, आणि हा हुकूम अण्णांच्या बायकोच्या, आक्कांच्या हाती पडला.

आक्कांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. साखरेचा डबा शेजारणीकडे गेला. फडताळाच्या दाराला त्यांनी स्वतःचं जुनं पैंजण बांधलं, म्हणजे दार उघडलं की वाजावं. नातवंडांनी बिस्किट खायचं तर गल्लीच्या टोकाला जाऊन, तोंड पुसून यायचं. संक्रांतीला आलेल्या बायकांना त्यांनी तिळगुळाऐवजी खारे शेंगदाणे वाटले आणि 'खारट खावा, नीट बोला' म्हणाल्या. बायका शेंगदाणे घेऊन गेल्या आणि गावभर बोलल्या. एका रात्री मांजरानं फडताळ उघडलं तर आक्का लाटणं घेऊन उभ्या, आणि अण्णा अंथरुणात घोरत होते. त्या माणसानं फडताळाकडे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

एवढा बंदोबस्त केला, पण आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. हा माणूस दसऱ्यानंतर शिमग्यापर्यंत रोज दहा-बारा तास गरम गुळानं भरलेल्या काहिलीच्या काठावर उभा असतो. तिथे तो कामाला जातो ना, मग तिथलं कशाला बघायचं, असाच सगळ्यांचा हिशेब होता. माझाही.

संक्रांत उलटल्यावर सुनीता रडवेली होऊन आली. गुऱ्हाळात पायात काही घालत नाहीत, काहिलीला देवाच्या जागी मानतात. काहिलीखालच्या चुलवाणाजवळ अण्णांच्या उजव्या पायाच्या करंगळीखाली निखारा आला आणि त्यांना कळलं नाही. काही तरी भाजल्याचा वास आला म्हणून तेच इतरांना विचारत होते, कोण भाजलं रं. बहुतेक वेळा मधुमेहात पायाची जाणीव अशीच गुपचूप जाते. जखम चिघळली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही, आधी बोट जाईल आणि मग बोटाशी थांबेल याची खात्री नाही. इन्सुलिन सुरू केलं, घरी बसायला सांगितलं. अण्णा पायाला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी काहिलीवर हजर. हंगामाच्या मध्यात गुळव्या घरी बसला की दुसरा उभा राहतो आणि पुढच्या दसऱ्याला बोलावणं त्या दुसऱ्यालाच येतं, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा चांगलं माहीत होतं.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरातला काटा पर्समध्ये घातला आणि गुऱ्हाळावर गेले.

गुऱ्हाळावरून कोणी कोरड्या तोंडानं जात नाही असा रिवाज आहे. मालकांनी आधी उसाच्या रसाचा ग्लास दिला, आलं-लिंबू घालून. मग वाटीत काकवी आली. मग पळसाच्या पानावर गरम गूळ. मी कशासाठी आले आहे ते सांगत होते आणि ते 'व्हय व्हय, पन आदी घ्या' म्हणत होते. पेशंटचं पथ्य तपासायला गेलेल्या बाईनं पहिल्या अर्ध्या तासात त्या पेशंटच्या चार दिवसांचं गोड खाल्लं. पोटात तड लागली तेव्हा मी कागद-पेन घेऊन उसाच्या चिपाडाच्या ढिगावर बसले.

एका आदणाला अण्णा तीन वेळा लाकडी पळीनं पाक घ्यायचे, गार पाण्याच्या पातेल्यात सोडायचे, बोटांनी गोळी वळायचे आणि तोंडात टाकायचे. दिवसाला अशी पाच आदणं. चौथ्या वेळी मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातली गोळी काट्यावर ठेवली. छोट्या लिंबाएवढी होती.

"अण्णा, हे काय खाताय?"

"खातोय कुटं? चव बगतोय."

"ती पोटातच जाते ना?"

"जाती की. पन कामाला म्हणून जाती. खायाला म्हणून न्हाय."

मी दिवसाचा हिशेब मांडून दाखवला. पाव किलोला थोडा कमी. अण्णा त्या कागदाकडे दुसऱ्या कोणाच्या तरी बिलाकडे बघावं तसे बघत राहिले. वहीत लिहायला का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर त्यांनी मला उलट विचारलं की तुम्ही घरी आमटीची चव बघता ती जेवणात धरता का. मी धरत नाही, पण ते मी कबूल केलं नाही.

चव बघून थुंकून टाका, असं मी सुचवलं. त्याबरोबर गुऱ्हाळ थांबलं. म्हणजे खरोखरच थांबलं. चुलवाणात चिपाड घालणाऱ्या भीमाचा हात हवेत राहिला, जाळ बसला आणि मालकांनी काहिलीला हात जोडले. माझ्या अडाणीपणाची त्यांनी काहिलीकडे माफी मागितली असावी. मग मी दुसरा तोडगा काढला, आणि तो सुचल्याबद्दल मला तेव्हा स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. चव दुसऱ्यानं बघायची आणि अण्णांनी फक्त विचारून घ्यायचं.

पहिला मान भीमाला मिळाला. तो कच्च्या रसाला झकास म्हणाला, अर्ध्या पाकाला झकास म्हणाला, आणि गडबडीत गोळी वळायच्या पाण्याचा घोट घेऊन त्यालाही झकास म्हणाला. सबब पुढच्या आदणाला मीच उभी राहिले. मला गुळाच्या चवीतलं काही सांगता येणार नाही, तेव्हा तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि काय ते ओळखा, असं मी म्हटलं. अण्णांनी पळी पुसून घेतली आणि बरं म्हटलं.

पाक पाण्यात पुरता गार व्हायच्या आत मी उत्साहानं तोंडात घातला. त्यानंतर मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जीभ भाजली, गूळ टाळूला चिकटला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थुंकायची सोय मीच घालवून बसले होते. मी तोंडावर हात दाबून जागच्या जागी नाचत होते. अण्णा माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून गंभीरपणे, नीट निरखून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान डोलावली.

"झालं. म्याडमच्या तोंडावरच दिसतंय. उतरा."

माणसांनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. पण काहिलीवर गुळव्याचा शब्द शेवटचा असतो. काहील ओढली, गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतला. दोन तासांनंतरही तो शिऱ्यासारखा पसरलेला होता. आख्खं आदण वाया गेलं. मालक नुसते वाफ्याकाठी उभे राहून त्याकडे बघत राहिले.

मला भयंकर राग आला. वाटलं, म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं. माझा तोडगा फसला की पळी पुन्हा तोंडात घालायला मोकळा. अण्णा चिपाडाच्या ढिगामागे जाऊन बसले होते. मी तिथे गेले आणि अडखळत्या जिभेनं विचारलं की मी तुमच्यासमोर नाचत होते, रडत होते, तुम्हाला ते दिसलं नाही का. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमी हुबा कुटं हुतासा, म्याडम?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"वाफंत कायतरी पांडरं दिसत हुतं. म्या त्येलाच तुमचं त्वांड धरलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग ते आपणहून बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"दोन हंगाम झालं, रंग दिसंना झालाय. आदी म्या हंगामात एकदा सुदीक चव बगत न्हवतो. फेसावरनं कळायचं. आता फेस दिसत न्हाय, म्हणून तोंडात घालतोय. जिभंवर दिवस काडतोय बगा." मग थांबून म्हणाले, "खरं सांगू? ग्वाड मला कंदी आवडलंच न्हाय."

मला लाज वाटली. दिवाळीपासून मी या माणसाला गोडघाशा ठरवून त्याच्यामागे घरदार लावलं होतं, आक्कांचं पैंजण फडताळाला टांगलं होतं. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं, सगळं विचारलं. का खाल्लं ते एकदाही विचारलं नाही. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब होत चालला होता, डोळा चालेना म्हणून जीभ कामाला लावली होती, आणि जीभ आणखी साखर आत घालत होती. हे फिरतं चक्र माझ्या टेबलासमोर दर महिन्याला येऊन बसायचं, आणि मी त्याला मेथीची भाजी लिहून द्यायचे. पावसाळ्यात साखर का उतरली तेही आता कळलं. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं. त्या आलेखात माझं कर्तृत्व शून्य होतं.

सोमवारी मी त्यांचा कागद काढून बघितला. 'डोळ्यांची तपासणी झाली आहे का' या चौकटीत बरोबरची खूण होती. खूण माझ्या हातची. मी विचारलं होतं आणि अण्णा 'तपासल्यात की' म्हणाले होते. ते खरंच होतं. आठवडी बाजारात चष्मेवाल्याच्या गाडीवर त्यांनी सात चष्मे घालून बघितले होते आणि ज्यात म्हैस ओळखू आली तो विकत घेतला होता. त्या दिवसापासून मी शिकाऊ मुलींना सांगायला लागले की कोणी, कुठे, थेंब घालून पडदा बघितला का, एवढं विचारल्याशिवाय त्या चौकटीत पेन टेकवायचं नाही. दर वर्षी एकदा, दिसत असलं तरी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेझर केलं आणि समजावून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखायचं. पायाची करंगळी मात्र गेली. बाकीचं पाऊल वाचलं. शुद्धीवर आल्यावर अण्णा म्हणाले, नऊ हाईत अजून, आणि चहा मागितला. बिनसाखरेचा. तो हंगाम त्यांचा बुडाला, आणि काहिलीवर दुसरा गुळव्या उभा राहिला.

उन्हाळ्यात अण्णा माझ्यासमोर येऊन बसले आणि मला म्हणाले, आता आहारातलं सोडा, गुळातलं काय ते बोला. मग आम्ही ताटाचे भाग केले तसे गुळव्याच्या कामाचे भाग केले. गोळी बोटांनी कळते, ती पातेल्याच्या काठावर मारली की आवाजानं कळते. पाक आला की उकळीचा आवाज बदलतो, वासही बदलतो. हे सगळं अण्णांकडे शाबूत होतं. राहिला फक्त रंग. रंग सांगायला सुनीता उभी राहील, असं अण्णा म्हणाले. ती त्यांच्या शेजारी बसल्या जागी दचकली, म्हणजे तिला आधी विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या गुळव्याचं काम मालकांना पटलं नव्हतं म्हणून बोलावणं पुन्हा अण्णांनाच आलं, पण दसऱ्याला दोघं गुऱ्हाळावर गेले तेव्हा मालक तयार होईनात. मला सोडलं तर काहिलीवर बाईमाणूस कधी उभं राहिलेलं नव्हतं, आणि माझं आदण मालक विसरले नव्हते. अण्णांनी त्यांना एवढंच विचारलं, "मग माजं डोळं घरात ठिऊन येऊ व्हय?" दुसरी अडचण बुटांची. डॉक्टरांनी अनवाणी चालायला सक्त मनाई केली होती, आणि गुऱ्हाळात पायताण चालत नव्हतं. ते आक्कांनी सोडवलं. नवे कॅनव्हासचे बूट त्यांनी पाटावर मांडले, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बूट मानानं आत नेले. माझ्याकडे त्याचा फोटो आहे. बूट मध्ये आहेत आणि सगळे हात जोडून उभे आहेत.

पहिले पंधरा दिवस रोज भांडण. सुनीता सासऱ्यांना म्हणायची, मामा, चहासारखा झालाय. अण्णा विचारायचे, कुणाच्या घरचा चहा, आपल्या का स्टँडवरचा. ती म्हणायची पितळेसारखा, ते विचारायचे चिंच लावून घासलेलं पितळ का तसंच. शेवटी अण्णांना आठवतील अशाच रंगांवर तडजोड झाली. त्यांची जुनी तांबडी गाय, आक्कांचं लग्नातलं लुगडं, चिंचेचं टरफल. गाईवरून लुगड्यावर आलं की जाळ कमी, आणि लुगडं टरफलाकडे झुकायच्या आत काहील खाली. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, उसाचा धंदा सोडून ही माणसं भलतंच काही तरी शिजवत आहेत.

चव मी पूर्ण बंद केली नाही. शेवटच्या आदणाचा गूळ, शेंगदाण्याएवढा, रोज एक. त्याच्या बदल्यात रात्रीची भाकरी तेवढी लहान. आणि एक अट घातली, ती माझ्या बत्तीस वर्षांतली सगळ्यात शहाणपणाची. उभ्यानं खायचं नाही. बसायचं, वहीत लिहायचं, मग तोंडात घालायचं. बसून खाल्लेलं खाण्यात धरलं जातं. अण्णा गुऱ्हाळातल्या बाजेवर बसून तो कण असा गंभीरपणे खायचे की भीमा जाळ घालायचा थांबायचा. तीन महिन्यांची साखर कागदावर मिरवण्याइतकी नाही, पण डॉक्टरांनी चष्मा न पुसता वाचण्याइतकी झाली.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. आता माझ्याही रिपोर्टमध्ये साखर सीमेवर येऊन उभी आहे. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण ओपीडीतल्या मुलींनी रिपोर्ट बघून सगळ्या पेशंटना सांगितलं आणि ओळखीचे लोक फोन करून मला पथ्य समजावू लागले. हुपरीच्या त्या कारागिरांनी तर त्यांचा जुना काटा पाठवून दिला.

मार्गशीर्षात एका सकाळी अण्णा आणि सुनीता घरी आले. अण्णांच्या पायात तेच बूट. सुनीतानं कापडातून एक लहान गुळाची भेली काढून माझ्यासमोर ठेवली आणि मागे सरकून उभी राहिली. अण्णांनी सांगितलं की हे आदण तिनं एकटीनं उतरवलंय, ते स्वतः त्या दिवशी मुद्दाम घरी राहिले होते. मग त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

"तुमी खोटं पकडत हुतासा. आता खरं सांगा. रंग कसा हाय?"

मी भेली खिडकीशी नेली. सुनीता फरशीकडे बघत होती. लेझरनंतरही नजर उतरतच गेली होती, अण्णांना आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं, मी काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. लुगडं म्हणायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं. पण या माणसासमोर माझ्या पेनानं एकदा खोटी खूण केली होती.

"टरफलाकडे गेलाय, अण्णा," मी म्हणाले. "थोडासा. पण गेलाय."

सुनीतानं डोळे मिटले. अण्णांच्या मिशीखाली हसू आलं आणि ते हळूहळू चेहराभर पसरलं.

"हिनं बी मला ह्येच सांगिटलं. सोताचं पैलं आदण आसून." त्यांनी चाचपत सुनेचा हात धरला. "म्हंजे माजा डोळा बरोबर हाय. आता म्या घरात बसाय मोकळा."

सुनीता पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी भेलीचा एक कण मोडला. अण्णांनी आवाजावरून ओळखलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. ती खुर्ची तिथे नव्हती, थोडी डावीकडे होती, पण मी मुकाट्यानं जाऊन बसले, वही ओढली आणि तारखेपुढे लिहिलं, गूळ, शेंगदाण्याएवढा, बसून.